बारा शब्द आणि स्टीलची पट्टी

एक्स्चेंजवर ठेवलेले बिटकॉइन म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीतलं सोनं. 2014 मध्ये माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडालं तेव्हा हे अनेकांना फार महागात कळलं.

मी खर्चापुरते मोबाइलवर ब्लूवॉलेटमध्ये ठेवतो. बाकीचे हार्डवेअर वॉलेटमध्ये, आणि ते चालवायला लॅपटॉपवर स्पॅरो. दोन्ही ॲपचा कोड खुला आहे, कुणीही तपासावा.

नवं वॉलेट उघडलं की ते परत उभं करण्यासाठी बहुतेकदा 12 किंवा 24 इंग्रजी शब्द मिळतात, 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. यादीत कुठल्याच दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत, म्हणून शब्द जपून ठेवायला स्टीलच्या पट्टीवर तेवढीच ठोकली तरी भागतं. (ठोकताना माझा अंगठा दोनदा ठेचला, ते सोडा.) या शब्दांचा फोटो काढायचा नाही! मोठी रक्कम टाकण्याआधी वॉलेट पुसून त्याच शब्दांवरून परत उभं करून बघा.

खाजगीपणासाठी दर वेळी नव्या पत्त्यावर पैसे घ्या. तरीही वॉलेट ज्या सर्व्हरला शिल्लक विचारतं, त्याला तुमचे पत्ते दिसतातच. स्पॅरो स्वतःच्या बिटकॉइन नोडला जोडलं की ती गळती थांबते.

आणि हो, हार्डवेअर वॉलेटच्या डब्यात शब्द आधीच छापून आले असतील, तर त्यात एक पैसाही टाकू नका. ते शब्द आणखी कुणाकडे तरी आहेत.