मुलाशी पॉर्नविषयी बोलायचं कसं?

शहाद्याला लागून असलेलं लोणखेडा हे शिकणाऱ्या मुलांचं गाव. पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजांसाठी सातपुड्यातल्या गावापाड्यांवरची मुलंही इथे येतात. कुणी वसतिगृहात राहतं, कुणी खोली करून. आईबाप शेतात, नाहीतर ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे. मुलाची खुशाली कळावी म्हणून काटकसर करून घेतलेला मोबाईल त्याच्या हातात असतो आणि त्याच मोबाईलवर पॉर्नही पोचतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत रविवारची उपासना असते, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना असते, पण या विषयावर बहुधा कुणी बोलत नाही. बोललंच तर मुलगा सापडल्यावर, आणि तेही ओरडून. मुलाला यातलं काही आपल्यापासून लपवावं लागू नये, इतका विश्वास आधीच कसा तयार करायचा, ते इथे टप्प्याटप्प्यानं पाहू.

पॉर्न पोचतं कसं

२०१६नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ऑनलाईन वर्गांसाठी शाळकरी मुलांच्या हाती मोबाईल आले आणि तिथेच राहिले. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ साली केंद्राच्या दूरसंचार विभागानं ८२७ पॉर्न साइट बंद करायला सांगितल्या. पण अशा साइट नव्या पत्त्यावर पुन्हा उघडतात. शिवाय मुलापर्यंत पोचण्यासाठी साइटच लागते असं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लिप येते, टेलिग्रामच्या चॅनेलची लिंक येते, वसतिगृहातला मित्र स्वतःचा मोबाईल पुढे करतो. ‘आमचा मुलगा तसा नाही’ हे वाक्य म्हणूनच कामाचं नाही. चांगल्या मुलालाही हे न मागता दिसतं. दहा-अकराव्या वर्षी पहिलं साधं बोलणं व्हावं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी उघड बोलावं.

शरीरात आणि मनात काय घडतं

वयात येताना मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं. कुतूहल जागं होतं, आकर्षण वाटू लागतं. हे पाप नव्हे. देवानं घडवलेलं शरीर वाढतंय. पॉर्न याच कुतूहलावर चालतं. उत्तेजक दृश्य दिसलं की मेंदूत डोपामिन स्रवतं आणि ‘पुन्हा हवं’ ही ओढ लागते. बोट सरकवलं की नवं दृश्य हजर, म्हणून ती ओढ शमत नाही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला थांबणं मोठ्या माणसापेक्षा अवघड जातं. हळूहळू सवय ठरावीक वेळांना चिकटते: रात्रीचा एकटेपणा, परीक्षेचा ताण, घरची आठवण, रिकामी दुपार. मुलगा कशामुळे तिकडे वळतो हे कळलं, तर अर्धा उपाय हाती येतो.

पॉर्न त्याला काही खोटंही शिकवतं. तिथे अभिनय असतो, कापाकापी केलेलं चित्रण असतं; समोरच्याची संमती, लाज, माया, जबाबदारी यांना जागा नसते. बाई म्हणजे वापरायची वस्तू, असं मन घडत जातं. स्वतःच्या शरीराची तुलना करून मुलगा खचतो, तेही वेगळंच.

दुसरीकडे, रस्त्याकडेच्या भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती त्याला घाबरवतात. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही आणि त्यानं अशक्तपणा येत नाही, हे बापानं स्पष्ट सांगावं. लेवीयच्या १५व्या अध्यायातही वीर्यस्खलनाचा उल्लेख शुद्धीच्या नेमात येतो, अपराध म्हणून येत नाही.

पवित्र शास्त्र काय सांगतं

ख्रिस्ती घरात असलं बोलू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी नीतिसूत्रांचे पाच ते सात अध्याय वाचावेत. तिथे एक बाप आपल्या मुलाशी वासनेबद्दल उघड बोलतो. रात्र, गल्ली, गोड बोलणं, त्यातली ओढ आणि शेवटचं नुकसान, काहीही झाकत नाही. त्याच अध्यायांत तो पत्नीसोबतच्या सुखाचंही कौतुक करतो. गीतरत्न हे सबंध पुस्तकच स्त्री-पुरुषाच्या प्रेमाचं आहे. म्हणून मुलाला आधी हे सांगा की लैंगिकता ही देवाची देणगी आहे. निषेध त्यानंतर येतो.

डोंगरावरच्या प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात, येशू वासनेच्या नजरेला मनातला व्यभिचार म्हणतो. तो दोष बाईच्या कपड्यांवर ढकलत नाही. पाहणाऱ्याला जबाबदार धरतो. मुलाला हे नीट समजावा. पुढे पौल करिंथकरांना शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर असल्याची आठवण करून देतो आणि तीमथ्याला तरुण स्त्रियांशी बहिणींसारखं निर्मळपणे वागायला सांगतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे पडद्यावरची बाईसुद्धा देवाच्या प्रतिरूपात घडलेली आहे. तिथे ती स्वखुशीनं आली, फसवून आणली गेली की गरिबीनं ढकलली, हे पाहणाऱ्याला कळत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शोषण झालेल्या बायकांसाठी कृपासदन चालवलं. अशा बाईकडे ख्रिस्ती माणसानं कसं पाहावं, याचं हे आपल्याच मातीतलं उदाहरण मुलाला जरूर सांगा.

हस्तमैथुनाचा प्रश्न मुलाच्या मनात असतोच. बायबलमध्ये त्याविषयी थेट आज्ञा नाही. ओनानची गोष्ट दाखला म्हणून दिली जाते, पण तिथला प्रसंग भावाच्या विधवेविषयीचं कर्तव्य टाळण्याचा आहे. कॅथलिक शिकवण हस्तमैथुनाला गंभीर गैरकृत्य मानते; प्रॉटेस्टंट पाळकांत मतं वेगवेगळी आहेत. मुलाला हे जसं आहे तसं सांगा आणि आपल्या मंडळीची भूमिकाही सांगा. आंधळेपणा येतो, वंश बुडतो असल्या धमक्या मात्र देऊ नका. एक खोटं उघडं पडलं की तुमच्या खऱ्या बोलण्यावरूनही त्याचा विश्वास उडतो.

बोलण्याआधीची तयारी

आधी स्वतःचा मोबाईल पाहा. मोठ्यांच्या ग्रुपवर येणाऱ्या अश्लील क्लिपा आणि विनोद तिथे असतील, तर मुलाला उपदेश करण्याआधी ते ग्रुप सोडा. मग नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलून भूमिका एक करावी. बाप रागावतो आणि आई पाठीशी घालते, असं झालं की मुलगा त्या फटीत लपतो.

शक्यतो बापानं बोलावं. तो सहा महिने ऊसतोडीवर असेल तर आईनं बोलावं, किंवा मुलाचा विश्वास असलेल्या मामानं. पाळकांची मदत घ्यावी, पण विषय त्यांच्यावर सोपवून मोकळं होऊ नये. एकांतात देवाकडे शहाणपण आणि सौम्यपणा मागावा. मुलासमोर मोठ्यानं प्रार्थना करत त्यातूनच त्याला सुनावणं टाळावं, नाहीतर त्याला प्रार्थनाच नकोशी होते.

वेळ आणि जागा विचारपूर्वक निवडा. समोरासमोर बसवलं की मुलगा मान खाली घालतो. शहाद्याच्या बाजाराला मोटरसायकलवरून जाताना, रात्रीच्या लाईटवर शेताला पाणी भरताना, सोबत काही काम करताना तो सहज बोलतो. दहा मिनिटं पुरतात.

प्रत्यक्ष बोलणं

सुरुवात मित्रांपासून करा: “बेटा, पोरांच्या मोबाईलवर तसले व्हिडिओ येतात म्हणे. तुमच्या वर्गातही येतात का?”

तो “काहीपण काय पप्पा!” म्हणेल. हसू नका, जोरही करू नका. पुढे सांगा: “या वयात उत्सुकता वाटते. मलाही वाटायची आणि मला सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मी तुझ्याशी बोलतोय. तुला कधी कुणी दाखवलं, किंवा तूच पाहिलं असशील, तर मी मारणार नाही. आत्ताच सांग असंही नाही.”

मग थांबा. शांतता लांबली तरी ती भरून काढू नका. त्यानं काही सांगितलं तर पहिलं वाक्य असं असावं: “सांगितलंस, बरं केलंस.” नंतर विचारा की पाहिल्यावर कसं वाटलं, काय प्रश्न पडले. उत्तर ठाऊक नसेल तर “मी विचारून सांगतो” म्हणा, आणि खरंच सांगा. आपली शिकवण शेवटी, थोडक्यात मांडा: “देवानं शरीर चांगलं केलंय. पण बाईला वस्तूसारखं पाहायची सवय लागली की उद्या तुझ्या बायकोवर प्रेम करणं अवघड जाईल. ते तुझं नुकसान मला नकोय.”

महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारा. एकाच बैठकीत सगळं संपवायला गेलात तर ते भाषण होतं.

पाहताना सापडला तर

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम लपतो आणि देव पहिल्यांदा त्याला विचारतो, तू कुठे आहेस. शिक्षेचं बोलणं नंतर येतं. आधी हाक येते. आईबापांनी हाच क्रम पाळावा. त्या क्षणी फक्त “मोबाईल ठेव, आपण उद्या बोलू” म्हणा आणि दुसऱ्या दिवशी नक्की बोला. मारू नका, भावंडांसमोर विषय काढू नका, नातेवाइकांना फोन करू नका. उपासनेत ‘मुलासाठी प्रार्थना करा’ म्हणून मंडळीपुढे त्याची गोष्ट उघडी करू नका. एकदा असं झालं की तो चर्चला येतो, पण मनानं परत येत नाही.

चूक केली असं वाटणं त्याला पश्चात्तापाकडे नेतं. मी घाणेरडाच आहे, असं वाटू लागलं तर तो अंधारात ढकलला जातो आणि त्या दुःखावर उतारा म्हणून पुन्हा मोबाईल उघडतो. त्याच्यासोबत स्तोत्र ५१ वाचा. दाविदानं बथशेबाच्या बाबतीत केलेलं पाप फार मोठं होतं, तरी त्याला देवाकडे परतायची वाट होती. सवय लगेच सुटत नाही. पुन्हा घडलं तर पुन्हा येऊन सांगता यावं, इतकं दार उघडं ठेवा.

मोबाईलची घडी

नियम मुलाशी बोलून करा आणि घरातल्या मोठ्यांनीही पाळा. रात्री सगळ्यांचे मोबाईल एकाच जागी चार्जिंगला लावा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असा पर्याय असतो. तिथे क्लाउडफ्लेअर किंवा क्लीनब्राउझिंगच्या मोफत फॅमिली फिल्टरचा पत्ता भरला की बऱ्याचशा पॉर्न साइट उघडत नाहीत. गुगलचं सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड सुरू करा. फॅमिली लिंकनं अ‍ॅप आणि वेळेवर लक्ष ठेवता येतं. ते मुलाला सांगूनच लावा. व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्रामवर येणाऱ्या क्लिपा डीएनएस अडवत नाही आणि व्हीपीएनमुळे फिल्टर निकामी होऊ शकतो. तंत्रज्ञान वेळ मिळवून देतं. मनाचा निर्णय मुलालाच घ्यायचा असतो. रिकाम्या वेळी कबड्डी-क्रिकेट, मंडळीच्या तरुण संघातली गिटार-ढोलकी, मित्रांची संगत असली की तो निर्णय सोपा जातो.

कायदा आणि ब्लॅकमेल

अश्लील क्लिप पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७-अ प्रमाणे गुन्हा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींची तसली चित्रं शोधणं, पाहणं, उतरवणं कलम ६७-ब मध्ये येतं, आणि ती साठवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १५ मध्ये. २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं याबाबत कडक भूमिका घेतली. म्हणून वर्गातल्या मुलीचा फोटो किंवा व्हिडिओ कुणी पाठवला तर तो पुढे पाठवायचा नाही, हा नियम मुलाला पाठ असावा. त्या मुलीची आयुष्यभराची बदनामी टळते, हे कायद्याच्याही आधीचं कारण.

अनोळखी ‘मुलगी’ व्हिडिओ कॉल करते, कपडे काढायला लावते आणि मग पैशासाठी धमकावते, अशीही फसवणूक चालते. असं झालं तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे, खातं ब्लॉक करायचं आणि लगेच घरी सांगायचं. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे, मुलांसाठी १०९८. मुलाला आधीच सांगून ठेवा: “काहीही झालं तरी आधी मला फोन कर. जिवापेक्षा मोठी लाज नसते.”

मदत कधी घ्यावी

अभ्यास, झोप, मैत्री सगळं बिघडलंय, थांबायचं ठरवूनही महिनोन्‌महिने जमत नाही, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार नोंदलेला आहे. मात्र केवळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे, असंही तिथे स्पष्ट केलंय. दोन-चारदा पाहून रडणाऱ्या मुलाला व्यसनी ठरवू नका. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. सरकारी दवाखान्यांतली ‘मैत्री’ केंद्रं किशोरवयीनांसाठीच आहेत. डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा विश्वास कमी पडणं नव्हे.

मुलगा जीव द्यायची भाषा करत असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

पहिलं बोलणं या आठवड्यात करा. ते अडखळत झालं तरी चालेल. आपल्या बापाशी हे बोलता येतं, एवढं मुलाला कळलं, की पुढच्या वेळी तोच विषय काढायची शक्यता वाढते.