बीटा-रोधक औषधे आणि मानवी रक्ताभिसरण : एक विवेचन

प्रस्तावना :
रक्तदाब कमी करणारे प्रत्येक औषध रक्तवाहिन्या रुंद करते, असा समज सुशिक्षितांमध्येही आढळतो. बीटा-रोधक औषधांच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा आहे. या औषधांचा रक्तवाहिन्यांशी नेमका संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ग्राहींचे कार्य :
ॲड्रेनॅलीनसारख्या द्रव्यांना प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींचे अल्फा व बीटा हे प्रकार रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. त्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल विकसित केले. त्यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. बीटा-१ ग्राही मुख्यत्वे हृदयात व मूत्रपिंडात, तर बीटा-२ ग्राही श्वासनलिका व रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत असतात. बीटा-२ उद्दीपित झाल्यास रक्तवाहिनी सैलावते. अल्फा उद्दीपित झाल्यास ती आकुंचन पावते.

रक्ताभिसरणावरील परिणाम :
बीटा-१ रोखले गेल्याने हृदयाची गती व आकुंचनाचा जोर घटतो, तसेच मूत्रपिंडातून रेनिन कमी स्रवते. रक्तदाब उतरतो तो प्रामुख्याने यामुळे. प्रोप्रॅनोलॉल मात्र बीटा-२ ग्राहीही रोखते. परिणामी अल्फा ग्राहींच्या आकुंचनास विरोध उरत नाही व परिघीय रोध सुरुवातीस वाढतो. दीर्घ उपचारात तो बव्हंशी पूर्ववत होतो. काही रुग्णांचे हातपाय थंड पडतात, त्याचे कारण येथे सापडते. कार्व्हेडिलॉल अल्फा ग्राहीही रोखते, तर नेबिव्होलॉल रक्तवाहिनीच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड मुक्त करविते. म्हणून ही दोन औषधे वाहिन्या सैलावतात.

दंडावरील दाब व महारोहिणीतील दाब :
२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅफे’ अभ्यासात ॲटेनोलॉल व ॲम्लोडिपीन यांवर आधारित उपचारांची तुलना झाली. दोन्ही गटांत दंडावरील दाब जवळजवळ समान होता. परंतु महारोहिणीतील आकुंचनकालीन दाब ॲटेनोलॉल गटात सुमारे ४ मिलिमीटर अधिक आढळला. हृदयगती मंदावल्याने परिघाकडून परतणारी दाबलहर हृदयाच्या आकुंचनकाळातच महारोहिणीत येऊन मिळते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्याआधी २००२ च्या ‘लाइफ’ अभ्यासात, दाब जवळपास सारखाच उतरूनही, लोसार्टनच्या तुलनेत ॲटेनोलॉल गटात पक्षाघाताचे प्रमाण अधिक दिसले होते.

निष्कर्ष :
दंडावरील आकडा समान असला तरी रक्तवाहिन्यांची स्थिती समान असतेच असे नाही. त्यामुळे केवळ उच्च रक्तदाबासाठी ही औषधे अनेक मार्गदर्शक तत्त्वांत प्रथम पसंतीची राहिलेली नाहीत. तथापि हृदयविकाराचा झटका, हृदयशूल व विशिष्ट प्रकारची हृदयदुर्बलता यांत त्यांचे महत्त्व टिकून आहे. दीर्घ वापरात बीटा ग्राहींची संख्या वाढते. म्हणून औषध एकाएकी बंद केल्यास हृदयगती उसळून हृदयशूल किंवा झटकाही संभवतो. वाहिन्यांविषयीच्या वरील आक्षेपांमुळे रुग्णाने परस्पर गोळी थांबविणे सर्वथा धोक्याचे होय. हा बदल वैद्यकीय सल्ल्यानेच व क्रमाक्रमाने व्हावयास हवा.