दंश, मशक आणि मत्कुण

मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायांत जीवसृष्टीचे जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज असे वर्ग सांगितले आहेत. दंश, मशक, यूका, मक्षिका व मत्कुण यांची गणना तेथें स्वेदजांत आहे. म्हणजे घाम व उष्मा यांपासून ते उपजतात असें मानिलें जाई. ही उपपत्ति आतां टिकत नाहीं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत तर मशकांचेच सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पांच भेद आहेत. सर्व डास सारखेच, अशी समजूत प्राचीनांची नव्हती. ती माझी होती, आणि तिचें फळ माझ्या नातवास भोगावें लागलें.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत जायकवाडीचें पाणी गेलीं अनेक वर्षें कांहीं दिवसांआड येत आलें आहे. साहजिकच घरोघर पिंपें व टाक्या भरलेल्या. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत सूनबाईंनीं माडीवरील पिंपांत वळवळणाऱ्या अळ्या मला दाखविल्या. मीं म्हटलें, "पाणी स्वच्छ आहे, डास गटारांत होतात." सायंकाळीं धूप आणि रात्रीं मच्छरदाणी, एवढ्यावर माझें समाधान होतें. पंधरवड्याच्या आंत नातवास डेंग्यूचा ताप भरला आणि सहा रात्री आम्हीं रुग्णालयांत जागून काढल्या. मुलगा बरा झाला, ही ईश्वराची कृपा. त्यानंतर मीं हा विषय वाचावयास घेतला.

रोनाल्ड रॉस यांचेंही प्रथम असेंच झालें होतें. आमचें शहर १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यांत होतें, त्याच राज्यांतील सिकंदराबादेस त्यांनीं १८९५ सालीं हिंवतापाचा शोध आरंभिला. करड्या व पट्टेदार डासांचीं पोटें त्यांनीं फार दिवस चिरलीं; हातीं कांहीं लागलें नाहीं. शेवटीं ठिपकेदार पंखांची निराळी जात मिळाली, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजीं तिच्या जठरांत हिंवतापाचा जंतु दिसला. दोष सूक्ष्मदर्शकाचा नव्हता; जात चुकत होती.

डासांत तीन कुळें गृहस्थानें ओळखावींत. ॲनोफेलीस हा बसतांना पार्श्वभाग उंच धरतो, रात्रीं चावतो व हिंवताप पसरवितो. क्यूलेक्स भिंतीस समांतर बसतो, गटाराच्या पाण्यांत वाढतो व हत्तीरोग आणतो. एडीस काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो, घरांतील सांठविलेल्या पाण्यांत वाढतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या देतो. तिन्हींत रक्त पिते ती केवळ मादी, तेंही अंड्यांच्या पोषणासाठीं.

डासाहून लहान, केसाळ अशी वालुमाशी भिंतींच्या भेगांत व दमट मातींत वाढते. नागपुराजवळील चांदीपुरा येथें १९६५ सालीं सांपडलेला विषाणु हीच माशी पसरविते. पिसवेस पंखच नाहींत; ती मेलेल्या उंदराचें अंग सोडून माणसाकडे वळते. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत मामला या गांवीं ऑगस्ट १९९४ मध्यें गांठीचा ताप उद्भवला, तेव्हां हा धडा मराठवाड्यास पुन्हां गिरवावा लागला. अंगावरील कपड्यांत राहणारी ऊ टायफस पसरविते. ढेकूण मात्र झोपमोड करतो, पण रोग पसरवितो असें सिद्ध झालेलें नाहीं. गोचिडीस आठ पाय असल्यामुळें ती कीटकच नव्हे. कोळी व विंचू हे तिचे सगोत्र. क्यासनूरच्या जंगलांतील माकडताप तिच्यामुळें होतो.

हें वर्गीकरण निव्वळ पांडित्य नव्हे. शत्रूचें कूळ कळलें म्हणजे त्याचें घर कळतें. जो दिवसा चावतो त्याला रात्रीची मच्छरदाणी काय करणार? आणि जो आमच्याच पिंपांत जन्मतो त्याच्यासाठीं गटारावर फवारा कशास? अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळावा. मात्र पिंप नुसतें ओतून भागत नाहीं. एडीसचीं अंडीं कांठास चिकटून महिनोगणती कोरडीं राहूं शकतात. तीं घासूनच काढावीं लागतात.

आमच्या घरीं तो दिवस शनिवारचा. पिंपें मी घासतों, झांकणांवर कापड सूनबाई बांधतात, आणि नातू भिंग घेऊन कांठ तपासतो. गेल्या शनिवारीं त्यानें मला एक पिंप पुन्हां घासावयास लाविलें. मीं निमूटपणें घासलें.