ह्युमाआधी सूरज बघावा का?

‘क्योजिन नो होशी’ या जपानी बेसबॉल अ‍ॅनिमेतल्या दिसेनाशा होणाऱ्या चेंडूवर, म्हणजे मेजर लीग बॉल क्रमांक दोनवर, या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. परतूरच्या एका वाचकाने विचारलंय, ‘आम्हाला क्रिकेट कळतं, बेसबॉल कळत नाही. 182 भाग बघायला बसण्याआधी त्याच गोष्टीची क्रिकेटवाली हिंदी मालिका बघून घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न आणखी पुष्कळांच्या मनात असणार, म्हणून आजचा सगळा भाग त्यालाच.

ती हिंदी मालिका म्हणजे ‘सूरज: द रायझिंग स्टार’. 23 डिसेंबर 2012 ला कलर्सवर सुरू झाली, 26 भाग चालली. मूळ ‘क्योजिन नो होशी’ काढणाऱ्या टोकियोच्या स्टुडिओने, आजच्या टीएमएसने, हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटला सोबत घेऊन ती केली. मूळ नायक ह्युमाचा सूरज झाला, टोकियोची गरीब वस्ती जाऊन मुंबईची झोपडपट्टी आली, श्रीमंत प्रतिस्पर्धी हानागाताच्या जागी विक्रम उभा राहिला. वेळही कशी नेमकी! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारताने ऑस्ट्रेलियात 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकला होता आणि त्या संघात आपल्या जालन्याचा डावखुरा विजय झोल होता. पुढे 2014 च्या याच विश्वचषकात तोच कर्णधार होता. लहान गावातला पोरगा मोठ्या संघात जातो ही गोष्ट इथल्या मैदानांवर खेळणाऱ्या पोरांना कुणी वेगळी समजावून सांगायची गरजच नव्हती.

तरीही माझं उत्तर आहे: सूरज आधी नको, नंतर बघा.

कारण सांगण्यासाठी चेंडू क्रमांक एककडे परत जावं लागेल. फलंदाजाला चकवणं सोडून ह्युमा उलटंच करतो. बॅट कुठे येणार हे आधी ओळखतो आणि चेंडू नेमका त्या बॅटवर नेऊन आदळवतो. त्यासाठी तो मुष्टियुद्ध, केंदो, नेमबाजी असलं काय काय बघत, शिकत फिरतो. क्रिकेटवाल्याला इथे कोडं पडतं. बॅटला लागला तर लागला, त्यात गोलंदाजाचा फायदा काय? आपल्याकडे चेंडू बॅटला लागून पायाशी पडला की फलंदाज नुसता उभा राहतो आणि पुढच्या चेंडूची वाट बघतो.

गल्लीत आपण ‘बॅटला लागला की पळायचंच’ असा नियम लावून खेळतो ना? बेसबॉल तिथून समजून घ्या. मैदानाच्या आत चेंडू पडला की फलंदाजाला धावणं भाग. चेंडू जेमतेम घरंगळला असेल तर क्षेत्ररक्षक तो उचलून पहिल्या बेसवर फेकतो, आणि फलंदाज निम्म्या वाटेत असतानाच बाद. म्हणजे फलंदाजाच्या इच्छेविरुद्ध चेंडू बॅटला लागणं हाच त्याचा घात. त्याने बॅट फिरवली नाही तरी चेंडू येऊन बॅटला भिडतोच! हे एकदा डोक्यात बसलं की हानागाता लोखंडी बॅटने लोखंडी गोळे मारायचा सराव का करतो, आणि शेवटी स्वतःचं शरीर मोडून घेऊन तो चेंडू मैदानाबाहेर का घालवतो, हे बघताना आपणही दातओठ खातो. क्रिकेटमध्ये याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट म्हणजे छातीवर आलेला उसळता चेंडू आणि शॉर्ट लेगला उभा राहिलेला माणूस. पण तिथे झेल हवा. नुसता स्पर्श पुरत नाही. क्रिकेटच्या नियमांत ही युक्ती अर्धीच उरते, आणि मूळ मालिकेचा मधला सगळा डोलारा या युक्तीवरच उभा आहे.

सूरजमध्ये मला फार आवडलेली एक गोष्ट सांगतो. ह्युमाच्या अंगावर बाप स्प्रिंगांचा सांगाडा चढवतो, तो आपण पहिल्याच आठवड्यात पाहिला. सूरजच्या अंगावर त्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. पंक्चरच्या दुकानात पडलेली ट्यूब कुठल्याही गरीब बापाच्या हाताला लागते. कष्टाच्या त्या वेडाला इथली वस्तू शोधणाऱ्याने फार विचाराने काम केलंय. पण हे कौतुक कळायला आधी ती स्प्रिंग पाहिलेली हवी.

आता क्रम. 1968 ते 1971 ची मूळ मालिका आधी, मग 1977-78 ची ‘शिन क्योजिन नो होशी’ 52 भागांची, मग 1979 चा तिचा दुसरा टप्पा 23 भागांचा. 2002 मध्ये हानागाताच्या बाजूने गोष्ट सांगणारी 13 भागांची आवृत्ती आली. ती आटोपशीर आहे म्हणून पुष्कळांना आधी बघायचा मोह होतो. तो आवरा. प्रतिस्पर्ध्याचं मन आधीच कळलं तर ह्युमाची भीती आपल्याला लागत नाही.

पुढचं रहस्य नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. मूळ मालिकेत ह्युमा डावखुरा आहे आणि शेवटी त्याचा डावा हात खेळातून जातो. ‘शिन’मध्ये उघड होतं की तो जन्माने उजवा होता, त्याच्या बापाने, इत्तेत्सुनेच, त्याला लहानपणी डावखुरा केला. हे कळल्यावर पहिले दहा-बारा भाग पुन्हा काढून बघा. अंगणात चेंडू फेकणारं ते पोर, समोर उभा बाप, भिंतीआडून बघणारी बहीण अकिको, सगळ्याचा अर्थ बदलतो. मला इत्तेत्सुचा राग मूळ मालिकेतच आला होता. ‘शिन’ने तो वाढवला, आणि त्याच्याबद्दल कणवही तिनेच पहिल्यांदा आणली. दोन्ही एकत्र वाटायची असतील तर भाग उलटसुलट बघून चालणार नाही.

तेव्हा परतूरच्या वाचकमित्रांनी असं करावं: प्रशिक्षक कावाकामींचा 16 क्रमांक ह्युमाच्या पाठीवर येईपर्यंत बेसबॉलच्या नियमांची काळजीच करू नये. तोवर ती बाप-लेकाची गोष्ट आहे. त्यानंतर वर सांगितलेला पळण्याचा नियम तेवढा लक्षात ठेवावा. एकेका चेंडूला अख्खा भाग लागतो तेव्हा पुढे ढकलत बघू नये, कारण खरी गोष्ट त्या थांबण्यातच आहे. आणि हानागाताचा लोखंडी सराव पुढच्या आठवड्याआधी बघून ठेवावा. क्रमांक एक अजिंक्य नाही हे तिथेच कळतं.