चार गाभे, चार गती

संगणकाच्या खोक्यावर ‘चार कोअर, ३.६ गिगाहर्ट्झ’ असे छापलेले असते. ही गती कोणाची, चौघांची मिळून की प्रत्येकाची? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने असे विचारले तर ‘प्रत्येकाची’ असे उत्तर आपण देऊन टाकतो. ते अर्धेच बरोबर आहे. आजच्या अनेक प्रोसेसरमध्ये एकाच क्षणी एक कोअर, म्हणजे गाभा, ३.६ गिगाहर्ट्झने धावत असतो, दुसरा १.२ वर रेंगाळत असतो आणि उरलेले दोघे चक्क झोपलेले असतात. असे का करावे लागते, आणि ते वाटते तितके सोपे का नाही, हे आपण पाहू.

प्रोसेसरमधील प्रत्येक क्रिया घड्याळाच्या ठोक्यावर होते. मूळ ठोका क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या आधाराने मिळतो. पुष्कळ संगणकांत तो सेकंदाला १० कोटी, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, असतो. फेज-लॉक्ड लूप नावाचे मंडल त्याला ३६ ने गुणते आणि ३.६ गिगाहर्ट्झ मिळतात. गुणक १२ केला की १.२. प्रत्येक गाभ्याला आपापला गुणक दिला की झाले! दोन गाभ्यांचे ठोके मग जुळत नाहीत, म्हणून त्यांच्यामधल्या वाटेवर एक छोटी रांग ठेवावी लागते. देणारा आपल्या ठोक्यावर माहिती रांगेत ठेवतो, घेणारा आपल्या ठोक्यावर उचलतो. इथवर काम फारसे कठीण नाही.

खरी मेख ऊर्जेत आहे. ट्रान्झिस्टरांनी बनलेले प्रत्येक द्वार एखाद्या छोट्या संधारित्रासारखे भरते आणि रिकामे होते. बारावीच्या विद्यार्थ्यांना संधारित्राची ऊर्जा विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे ठाऊक असते. तेव्हा एका ठोक्यामागे खर्च होणारी ऊर्जाही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असणार, आणि शक्ती म्हणजे ही ऊर्जा गुणिले दर सेकंदाचे ठोके.

आता हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ३.६ गिगाहर्ट्झला १.२ व्होल्ट लागतात असे समजा. आपण गती निम्मी केली पण दाब तोच ठेवला, तर शक्ती निम्मी होईल, हे खरे. पण काम संपायला वेळ दुप्पट लागेल! निम्मे गुणिले दोन, म्हणजे त्या कामाला लागणारी ऊर्जा होती तेवढीच. उलट थोडी जास्तच, कारण ठोका पडो वा न पडो, जागा असलेल्या गाभ्यातून थोडी वीज सतत झिरपत असते, आणि वेळ दुप्पट झाला की झिरपही दुप्पट. मात्र गती १.८ करताना दाबही ०.९ व्होल्टपर्यंत उतरवला तर? १.२ चा वर्ग १.४४, ०.९ चा ०.८१. प्रत्येक ठोक्यामागे सुमारे ४४ टक्के ऊर्जा वाचली. म्हणजे नुसते घड्याळ मंद केल्याने यंत्र थंड राहते. ऊर्जा वाचते ती दाब उतरवल्याने. हा फरक विद्यार्थ्यांकडून फळ्यावर सोडवून घ्यावा असे आम्हाला वाटते.

दाब हवा तितका उतरवता येत नाही. दाब कमी झाला की द्वारे सावकाश उघडमीट करतात आणि पुढचा ठोका पडेपर्यंत उत्तर तयार नसते. मग चुका होतात. म्हणून गती वाढवताना आधी दाब चढवतात व नंतर ठोका. उतरवताना आधी ठोका, मग दाब.

एएमडी कंपनीने नोव्हेंबर २००७ मध्ये आणलेल्या चार गाभ्यांच्या फेनम प्रोसेसरात प्रत्येक गाभ्याची गती स्वतंत्र होती, पण दाब सर्वांना सामाईक होता. सामाईक दाब सर्वांत वेगवान गाभ्याला पुरेल एवढा ठेवावाच लागतो, तेव्हा मंद गाभ्यांची बचत मर्यादित. त्यातच त्या वेळची विंडोज व्हिस्टा चालू काम एका गाभ्यावरून दुसऱ्यावर हलवीत असे. काम जाऊन पडे ते नेमके मंदावलेल्या गाभ्यावर. तो वेग घेतो न घेतो तोच काम आणखी कुठे गेलेले! संगणक विनाकारण रेंगाळू लागले. जानेवारी २००९ च्या फेनम-२ मध्ये कंपनीने सर्व गाभे पुन्हा एका गतीने चालवले. आमच्या मते ही माघार नव्हती, शहाणपण होते. हार्डवेअर पुढे गेले होते, काम वाटणारा मागे राहिला होता.

पुढे दोन्ही बाजू सुधारल्या. इंटेलने २०१४ मध्ये सर्व्हरसाठीच्या झिऑन प्रोसेसरांत दाब नियंत्रित करणारी मंडले चिपवरच बसवून प्रत्येक गाभ्याला स्वतंत्र गती आणि स्वतंत्र दाबही दिला. लिनक्सच्या मार्च २०१९ मधील ५.० आवृत्तीपासून मोबाइलसारख्या लहानमोठे गाभे असलेल्या यंत्रांत काम कोणत्या गाभ्यावर कमी ऊर्जेत होईल, याचा अंदाज काम वाटतानाच घेण्याची सोय आली.

तरीही फसगत होतेच. आमच्या प्रयोगशाळेत एक लांबलचक गणित आम्ही चार गाभ्यांवर समान वाटले होते. एका यंत्रावर त्याला नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागे. आठवडाभर आम्ही प्रोग्राममधली चूक शोधत बसलो. शेवटी कळले की आमच्यापैकीच एकाने कसल्याशा चाचणीसाठी एका गाभ्याची कमाल गती उतरवली होती व तो ती परत चढवायला विसरला होता. तीन गाभे आपला वाटा संपवून चौथ्याची वाट पाहत होते. तेही झोपून नव्हे, ‘झाले का, झाले का’ असे पूर्ण वेगाने विचारत, म्हणजे वीज जाळत.

शाळेत इंटेल वा एएमडीचा प्रोसेसर असलेला लिनक्स संगणक असेल तर ‘प्रॉक’ या फोल्डरातील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडून पाहावी. प्रत्येक गाभ्यापुढे त्याची त्या क्षणाची गती मेगाहर्ट्झमध्ये दिसते. (एका गाभ्याचे दोन भासवणारे प्रोसेसर असतात, तेव्हा ओळी दुप्पट दिसल्या तर गोंधळू नये.) यंत्र स्वस्थ असताना आकडे टिपावेत, मग एखादी जड मोजणी सुरू करून पुन्हा टिपावेत. फाइल प्रत्येक वेळी नव्याने उघडावी लागते; उघडी ठेवलेली फाइल जुनेच आकडे दाखवत राहते.