पहिल्या फेरीची पारख



‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ती कितपत खरी, हें पैसा, वेळ आणि अब्रू पणाला लावून दरवर्षीं पारखून पाहणारा एक मोठा उत्सव अमेरिकेंत होतो. तिकडील व्यावसायिक फुटबॉलमधील नव्या खेळाडूंच्या निवडीचा हा उत्सव. त्यास ड्राफ्ट असें म्हणतात. आपल्या आवडत्या संघानें पहिल्या फेरींत कोणास घ्यावें, याविषयीं तेथील लोक महिनेच्या महिने वाद घालतात. हा वाद कोणत्या मुद्द्यांवर घालावा आणि कोठें थांबवावा, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आरंभीं खेळाची थोडी ओळख करून देतों. अमेरिकेंतील फुटबॉल हा आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू लंबगोल असतो, तो बहुधा हातांतच असतो, आणि अकरा गड्यांनीं समोरच्या अकरांची फळी फोडून, किंवा तिच्या डोक्यावरून फेंकून, तो पुढें न्यावयाचा असतो. प्रत्येक गड्याचें काम निराळें. कोणी धिप्पाड देहानें वाट अडवितो, कोणी चेंडू घेऊन धांवतो, कोणी दूर पळत जाऊन फेंकलेला चेंडू झेलतो. या सर्वांचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हातीं येतो, आणि पुढें तो कोणाकडे द्यावा, हें त्यास दोन-तीन सेकंदांत ठरवावें लागतें.

हे गडी बहुतेक सर्व कॉलेजांतून येतात. नॅशनल फुटबॉल लीगमध्यें आज ३२ संघ आहेत. एप्रिल महिन्याच्या अखेरीस सात फेऱ्यांत ते आपापल्या पाळीनें खेळाडू निवडतात. मागील मोसमांत जो संघ सर्वांत मागें पडला, त्याची पाळी पहिली. जो अजिंक्य ठरला, त्याची शेवटची. ही कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघांनीं चांगले गडी उचलून न्यावे आणि दुबळ्यांनीं दुबळेंच राहावें, हें त्यांस थांबवावयाचें होतें. पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारींत फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलांत झाला. त्या वेळीं संघ अवघे नऊ होते. गंमत अशी, कीं त्या सभेंत सर्वांत प्रथम ज्याचें नांव पुकारलें गेलें, तो शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधीं खेळलाच नाहीं. वेतनाचें जमलें नाहीं, आणि त्यानें दुसरा उद्योग पत्करला. म्हणजे पहिल्या पाळीचा भरंवसा नसतो, हा धडा पहिल्याच दिवशीं मिळाला.

माझा भाचा नोकरीनिमित्त विस्कॉन्सिन राज्यांत राहतो. त्याच्या संगतीनें मलाहि तेथील ग्रीन बे पॅकर्स या संघाचा लळा लागला. हा संघ १९१९ सालीं एका मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीच्या मदतीनें उभा राहिला. पॅकर्स हें नांव त्यावरूनच आलें. गांवची वस्ती लाखाच्या थोडी वर, आणि मैदानावरील बसण्याच्या जागा ८१,००० हून अधिक. संघास धनाढ्य मालक नाहीं. १९२३ पासून तो भागधारकांचा आहे. आज त्यांची संख्या पांच लाखांहून अधिक आहे, आणि भागांवर नफा म्हणून एक पैहि कोणास मिळत नाहीं. अशा संघाच्या पहिल्या फेरीच्या निवडीकडे गांव पोटच्या मुलाच्या निकालाकडे पाहावें तसें पाहतो. चुकीच्या निवडीची झळ कित्येक वर्षें पोंचते, कारण पहिल्या फेरीची पाळी सामान्यतः वर्षांतून एकदांच येते, आणि तींत निवडलेल्या खेळाडूशीं करार चार वर्षांचा असून पांचवें वर्ष संघाच्या मर्जीवर असतें.

आतां मुद्द्यांकडे वळूं. उमेदवाराची पारख करतांना मला तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न, शरीर पाहावें कीं खेळ पाहावा? ड्राफ्टच्या आधीं इंडियानापोलिस शहरांत उमेदवारांची मोजणी होते. उंची, वजन, हाताची लांबी, उडी आणि ४० यार्डांची धांव, सर्व कांहीं नोंदलें जातें. बैलबाजारांत दांत आणि खांदा पाहावा तसा हा प्रकार आहे. तो निरुपयोगी नाहीं. पण औतास जुंपल्यावर बैल कसा चालेल, हें दांतांवरून कळत नाहीं. १९८९ सालीं ग्रीन बेची पाळी दुसरी होती. त्यांनीं मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच निवडला. तीनशें पाऊंडांहून अधिक वजनाचा हा गडी आपल्या जागेवर आजवरचा सर्वोत्तम ठरेल, असें जाणते म्हणत होते. त्याच्या पाठोपाठ डेट्रॉइटनें बॅरी सँडर्स यास घेतलें; त्याची उंची अवघी पांच फूट आठ इंच. सँडर्स दहा मोसमांत चेंडू घेऊन १५,२६९ यार्ड धांवला. मँडरिचचा मात्र १९९२ नंतर ग्रीन बेशीं संबंध उरला नाहीं. कॉलेजांत असतांना आपण शक्तिवर्धक औषधें घेत होतों, हें पुढें अनेक वर्षांनीं त्यानेंच जाहीर केलें. त्या वर्षींच्या पहिल्या पांचांपैकीं चौघे आज फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत आहेत. पांचवा तेवढा ग्रीन बेच्या वांट्यास आला. फूटपट्टीनें जें मोजतां येतें तेंच अधिक खरें वाटूं लागतें, हा मोह शाळेंतहि असतो आणि मैदानावरहि असतो.

दुसरा प्रश्न, संघाची आजची गरज पाहावी कीं उमेदवाराचा गुण? सामान्य रसिक गरजेकडे पाहतो, आणि तें स्वाभाविक आहे. ज्या जागीं भगदाड दिसतें, तेथें माणूस बसवावा, असें कोणासहि वाटेल. २००५ सालीं ग्रीन बेजवळ ब्रेट फाव्ह्र हा नामांकित क्वार्टरबॅक होता. वय ३५, पण १९९२ पासून त्यानें एकहि सामना चुकविला नव्हता. त्या दिवशीं न्यूयॉर्कच्या सभागृहांत कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ॲरन रॉजर्स हा तरुण क्वार्टरबॅक चार तासांहून अधिक वेळ आपल्या नांवाची वाट पाहत बसला होता. तेवीस पाळ्या झाल्या, तरी त्यास कोणी घेईना. चोविसाव्या पाळीला ग्रीन बेनें त्यास घेतलें. गरज तर नव्हती. परंतु इतका गुणी मुलगा इतक्या उशिरां हातीं लागतो, हें व्यवस्थापक टेड थॉम्प्सन यांनीं ओळखलें. रॉजर्स तीन मोसम फाव्ह्रच्या मागें बसून शिकला, २००८ मध्यें मुख्य जागेवर आला, आणि २०११ च्या फेब्रुवारींत त्यानें संघास सुपर बोल हें अजिंक्यपद मिळवून दिलें. लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचा मानहि त्यास चार वेळां मिळाला.

२०२० सालीं हाच प्रसंग उलट अंगानें आला. आतां रॉजर्स ३६ वर्षांचा होता. लोकांना हवा होता त्याचा चेंडू झेलणारा एखादा चपळ गडी. संघानें मात्र तिसाव्या पाळीवरून सव्विसाव्यावर सरकून जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. गांवांत मोठा क्षोभ झाला. पुढील दोन्ही वर्षीं सर्वोत्तम खेळाडूचा मान रॉजर्सनेंच मिळविला, तेव्हां टीकाकारांचें म्हणणें खरें वाटलें. परंतु २०२३ मध्यें रॉजर्स न्यूयॉर्कच्या संघाकडे गेला, लव्ह उभा राहिला, आणि त्याच मोसमांत बाद फेरींत त्याच्या संघानें डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८ विरुद्ध ३२ असें हरविलें. तथापि, ज्या दोन वर्षीं संघ अजिंक्यपदाच्या दाराशीं उभा होता, तेव्हां ती पाळी दुसऱ्या कोणावर खर्च झाली असती तर काय झालें असतें, हा प्रश्न उरतोच. म्हणून गुण पाहावा हें खरें. पण त्याची किंमत कोणीतरी आज मोजत असतो, हेंहि विसरूं नये.

तिसरा प्रश्न, पाळी वापरावी कीं विकावी? पाळी दुसऱ्या संघास देऊन त्याच्याकडील कसलेला गडी घेतां येतो. १९९२ सालीं ग्रीन बेनें पहिल्या फेरीची आपली एक पाळी अटलांटाला देऊन फाव्ह्रला आणलें. तेव्हां तो एकाच मोसमाचा जुना होता. त्याच फाव्ह्रनें १९९७ च्या जानेवारींत संघास सुपर बोल जिंकून दिला. २०२५ च्या ऑगस्टांत संघानें डॅलसकडून मायका पार्सन्स हा विख्यात बचावपटु घेतला आणि त्याबद्दल केनी क्लार्क हा आपला जुना खेळाडू, तसेंच २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या दिल्या. पळत्याच्या पाठीं लागण्यापेक्षां हातचें बरें, हें व्यवहारज्ञान येथें दिसतें. परंतु त्याच डिसेंबरांत पार्सन्सच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. सिद्ध झालेला माणूसहि शेवटीं माणूसच असतो; त्याच्या हाडामांसाची हमी कोणी देऊं शकत नाहीं.

मग या पारखीचें शास्त्र आहे कीं नाहीं? डॅलसचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळीं पाळ्यांच्या किंमतीचें एक कोष्टक तयार झालें. त्यांत पहिल्या पाळीस ३००० गुण, सोळाव्या पाळीस १०००, आणि बत्तिसाव्या पाळीस ५९०. पुष्कळ वर्षें सर्व संघ त्याच हिशेबानें व्यवहार करीत. पुढें केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनीं बऱ्याच वर्षांच्या निवडी तपासल्या. थेलर यांना २०१७ मध्यें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांस आढळलें, कीं संघ पहिल्या कांहीं पाळ्यांसाठीं वाजवीपेक्षां फार अधिक मोल देतात. एकाच जागेसाठीं आधीं निवडलेला खेळाडू त्याच्या पाठोपाठ निवडलेल्यापेक्षां सरस ठरण्याचा संभव नाणेफेकीपेक्षां किंचितच अधिक असतो. येथें पारखणारे अडाणी आहेत असें मुळींच नाहीं. ते जाणते आहेत. आपल्या जाणतेपणावर त्यांचा विश्वास मात्र प्रमाणाबाहेर आहे.

याचें उत्तम उदाहरण ग्रीन बेच्याच इतिहासांत आहे. १९५६ सालीं सतराव्या फेरींत, दोनशेंव्या पाळीला, त्यांनीं अलाबामाचा बार्ट स्टार निवडला. आरंभीं त्याच्याकडे कोणाचें लक्षहि नव्हतें. १९५९ मध्यें व्हिन्स लोंबार्डी हे प्रशिक्षक म्हणून आले. त्यांची शिस्त कडक होती, पण त्यांनीं त्यास वेळ दिला. आणि १९६१ ते १९६७ या काळांत स्टारच्या नेतृत्वाखालीं संघानें पांच अजिंक्यपदें मिळविलीं. रॉजर्स पहिल्या फेरींतला, स्टार सतराव्या फेरींतला. दोघांत समान गोष्ट एकच, कीं निवडीनंतर दोघांनाहि शिकावयास अवधि मिळाला. लोक वाद घालतात तो निवडीच्या रात्रीबद्दल; संघाचें भवितव्य ठरतें तें त्यानंतरच्या तीन वर्षांत.

२०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बे येथेंच झाला. आपल्याच गांवीं, आपल्याच लोकांसमोर, संघानें तेविसाव्या पाळीला टेक्ससचा मॅथ्यू गोल्डन निवडला. ४० यार्ड ४.२९ सेकंदांत धांवलेला, चेंडू झेलणारा हा गडी. २००२ नंतर प्रथमच या जागेसाठीं संघानें पहिली फेरी खर्चिली होती, म्हणून आनंदास पारावार राहिला नाहीं. त्याची धांव घड्याळानें मोजली आहे. बाकीचें मोजमाप काळानेंच व्हावयाचें आहे.

मीं आयुष्यभर वर्गांत मुलें पाहिलीं. पहिल्या नंबरावर बसलेल्या मुलास वर्षभर सर्वांच्या नजरेचा भार वाहावा लागतो, आणि शेवटच्या बांकावरच्यास कोणाच्या नजरेंत येण्याची वाट पाहावी लागते. एकवीस-बावीस वर्षांच्या या खेळाडूंचेंहि तसेंच आहे. तेव्हां उमेदवारांची पारख अवश्य करावी. खेळ आधीं पाहावा, मोजमाप मागून. गुण पाहावा, पण गरजेची किंमत ध्यानांत ठेवावी. पाळी देतांना हात आखडता घ्यावा. आणि एकदां नांव पुकारलें गेलें, कीं निदान तीन वर्षें निकाल राखून ठेवावा. इतका धीर ज्या गांवास धरतां येईल, त्यासच आपल्या निवडीचें खरें फळ पाहावयास मिळेल. एवढें सांगून आपली रजा घेतों.