पाना, रेंच आणि क्ल्यूच

विमानाच्या हँगरमध्ये हत्याराला दोन नावं असतात. एक मॅन्युअलात छापलेलं, दुसरं तोंडातलं. "पाना दे रे" म्हणून मागितलेली वस्तू बोइंगच्या कागदावर रेंच होते. इंग्रज तिला स्पॅनर म्हणतो. अमेरिकेत स्पॅनर मागाल, तर खाचेत अडकवून फिरवायचा भलताच पाना हाती येईल. रशियनांकडे हाच 'क्ल्यूच', म्हणजे चक्क किल्ली. आपण ज्याला स्क्रू स्पॅनर म्हणतो, त्याची गंमत तर पुढचीच. इटलीत तो 'इंग्लिश किल्ली', डेन्मार्कमध्ये 'स्वीडिश', पोलंडमध्ये 'फ्रेंच'!

पत्रेकामातही तेच. रिव्हेट ठोकण्याआधी दोन पत्रे भोकाभोकांतून तात्पुरते धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन अमेरिकेत क्लीको, इंग्लंडमध्ये स्किन पिन. तिच्या रंगावरून भोकाचं माप कळतं: तांबूस असेल तर एक-अष्टमांश इंच, काळी असेल तर पाच-बत्तिसांश. रिव्हेटमागे धरायचा लोखंडी ठोकळा अमेरिकनांचा बकिंग बार, इंग्रजांची डॉली. डॉली हा शब्द आपल्या डेंटिंगवाल्यांच्याही तोंडी आहे.

नाव बदललं तर फार बिघडत नाही. माप बदललं तर बिघडतं. भारतात डाकोटा विमानं अमेरिकन मापांची होती, व्हायकाउंट ब्रिटिश, आणि नाशिकजवळच्या ओझरला बनलेली मिग मेट्रिक. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो, तर अमेरिकन पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. म्हणून पाव इंचाच्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड 0.525 इंच असतं. अर्ध्या इंचाच्या अमेरिकन नटावर तो चढतो, पण सैल. जोर लावला की कोपरे झिजून नट गोल होतो आणि मग तो कुठल्याच पान्याला दाद देत नाही.

मला सगळ्यात देखणं वाटतं ते तार पिळण्याचं काम. इंग्रजांची लॉकिंग वायर, अमेरिकनांची सेफ्टी वायर. बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवायची, खास पक्कडीत दोन्ही टोकं धरायची आणि पक्कडीची मूठ ओढायची. पक्कड गरगर फिरते आणि पीळ पडत जातो. 0.032 इंच जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ हवेत. कमी पडले तर तार सैल राहते, जास्त झाले तर कमजोर होते. तारेचा ओढा नेहमी बोल्ट आवळण्याच्या दिशेनेच हवा, म्हणजे कंपनाने बोल्ट सुटू पाहिला तरी तार त्याला सोडत नाही. शेवटी टोक आत दुमडायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. हे दुमडणं म्हणजे अनोळखी सहकाऱ्याची घेतलेली काळजी आहे.

आणि मोजणी. फळीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची सावली रंगवलेली असते. पाळी संपताना एक जरी सावली रिकामी दिसली, तर ते हत्यार सापडेपर्यंत विमान हलायला नको. 2023 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसमध्ये एका ए-380 विमानाच्या इंजिनात सव्वा मीटरचं नायलॉनचं हत्यार राहून गेलं. ते विमान तसंच 34 वेळा उडालं.

ओझर, सांताक्रूझ, नागपूर इथे या कामात हयात घालवलेली माणसं आपल्या घरांत, शेजारी आहेत. त्यांच्या तोंडातली हत्यारांची नावं कुठल्याच मॅन्युअलात नाहीत. एक वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि ती नावं मापांसकट उतरवून ठेवा.